राइडवर कॅमेरा न्यायचा का, आणि नेला तर सांभाळायचा कसा?

सावरी
नमस्कार मंडळी. सुट्टीत आम्ही सगळे थीम पार्कला जाणार आहोत. मी, नवरा, मुलगी बारा वर्षांची, मुलगा पाचचा आणि सासूबाई. सासूबाईंनी आत्ताच सांगून टाकलंय की त्या बाकावर बसून आमच्याकडे बघणार, राइडचं नाव काढायचं नाही. माझ्याकडे मिररलेस कॅमेरा आहे, त्याला जरा लांबडी झूम लेन्स, आणि नवऱ्याकडे गोप्रो, म्हणजे तो अंगावर बांधायचा छोटा ॲक्शन कॅमेरा. मला फोटो हवेतच, मुलगी आता मोठ्या रोलरकोस्टरवर बसण्याइतकी उंच झालीये आणि तिचा तो पहिला चेहरा मला सोडायचा नाहीये. पण दर राइडला लॉकर शोधा, सामान ठेवा, परत या, परत काढा, यातच दिवस जाईल असं वाटतं. कॅमेरा गळ्यात अडकवून वरून जॅकेटची चेन लावली तर चालतं का? पाठपिशवी पायात घट्ट धरून ठेवली तर? गोप्रो छातीला बांधून बसलेले लोक व्हिडिओत दिसतात, ते सगळीकडे चालतं का? आणि पाण्याच्या राइडचं काय करता? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर सांगा, नुसतं "नेऊ नका" नको.

कडेलोट
नेऊ नका.

कडेलोट
(राहवलं नाही. सविस्तर रात्री लिहितो, नक्की.)

भिंगरी
कडेलोट, हसून हसून पुरेवाट!
सावरी, पार्कमध्ये कॅमेरा जरूर न्या. पार्कमध्ये नेणं वेगळं आणि राइडवर नेणं वेगळं, एवढं डोक्यात पक्कं ठेवलं की निम्मा गोंधळ मिटतो. मिरवणूक, रोषणाई, मुलांचे खाऊन बरबटलेले चेहरे, रांगेतली धमाल, हे सगळं मोठ्या कॅमेऱ्यानेच छान येतं. कोस्टरवर बसल्यावर मात्र मोठ्या लेन्सचा काडीचा उपयोग नसतो, समोर फक्त पुढच्याच्या डोक्याचा मागचा भाग दिसतो.

पाचवा_गिअर
भिंगरी +१. मी राइडचे ढोबळमानाने तीन गट करतो. पहिला म्हणजे संथ बोटी, छोटी आगगाडी, अंधारातल्या गोष्टी सांगणाऱ्या राइड, यात कॅमेरा मांडीवर घेऊन बसलं तरी चालतं, फक्त पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन. दुसरा म्हणजे पाण्याच्या राइड, त्यावर जाणकार बोलतीलच. तिसरा म्हणजे जे काही तुम्हाला सीटवरून उचलतं किंवा उलटं करतं, तिथे काहीही सुटं नको.

पाठपिशवी पायात धरायचं म्हणताय, ते कोणत्या गाडीत बसताय त्यावर आहे. काही गाड्यांना पायाखाली जमीन असते, काहींत पाय लोंबकळतात, तिथे पिशवी धरणार कशाने? बऱ्याच ठिकाणी फलाटावरच पलीकडच्या बाजूला उघडे खण असतात, बसायच्या आधी पिशवी त्यात टाकायची आणि उतरल्यावर उचलायची. सोयीचं आहे, पण त्या खणांवर कुणी राखण बसलेलं नसतं, तेव्हा महागडी लेन्स तिथे ठेवायची का हे ज्याचं त्याने ठरवावं. मी पाण्याची बाटली आणि टोपी ठेवतो, कॅमेरा नाही.

गुरुत्वमध्य
गळ्यात अडकवून जॅकेटच्या आत, हा उपाय ऐकायला बरा वाटतो म्हणून त्यावर जरा लिहितो.

चांगल्या कोस्टरवर उताराच्या तळाशी किंवा लूपमध्ये शिरताना ४ जीपर्यंत (म्हणजे आपल्या वजनाच्या चौपट) जोर येतो. तुमचा कॅमेरा लेन्ससकट ७०० ग्रॅम धरला तर त्या क्षणी तो पट्ट्याला २.८ किलोचा लागतो, आणि तो पट्टा तुमच्या मानेत आहे. पुढच्याच टेकाडावर उलटं होतं, गाडी खाली जाते आणि तुम्ही वर उचलले जाता, तेव्हा कॅमेराही वर येतो आणि हनुवटीवर किंवा दातांवर आपटतो. जॅकेटची चेन हे सगळं रोखण्यासाठी शिवलेली नसते. शिवाय खांद्यावरून येणारा हार्नेस असेल तर कॅमेरा बरोबर हार्नेस आणि छातीच्या मध्ये येतो, म्हणजे हार्नेस नीट खालपर्यंत बसतच नाही. एवढ्या कारणासाठीसुद्धा तुम्हाला उतरवतील.

खिशाचंही तेच. बसल्यावर गुडघे वर येतात आणि पँटचा खिसा आडवा होतो, चढणीवर गाडी मागे झुकली की फोन हळूहळू तोंडाशी येतो, आणि पहिल्या उतारावर तो बाहेर. चेन लावलेला खिसा असेल तर गोष्ट वेगळी.

आता सुटलेली वस्तू जाते कुठे? लोकांना वाटतं मागच्या सीटवाल्याच्या तोंडावर. हातातून सुटताना वस्तूला गाडीचाच वेग असतो, त्यामुळे सरळ रुळावर ती मागे वेगाने उडत नाही, हवेच्या अडवणुकीने थोडी मागे पडते. खरी भानगड वळणावर आणि टेकाडावर, तिथे गाडी दिशा बदलते आणि वस्तू आपली सरळ जाते. मग ती खालच्या रुळावर जाते, खालच्या वाटेने चालणाऱ्यावर जाते, किंवा समोरून येणाऱ्या गाडीवर. ३० मीटरवरून नुसती सोडली तरी जमिनीपर्यंत पोचताना तिचा वेग ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा असतो आणि हल्लीचे बरेच फोन २०० ग्रॅमच्या आसपास, वर त्यांना कोपरेही असतात. हेल्मेट न घालता तो चेंडू कुणी झेलेल का?

बारक्या
बाप रे. मी आजपर्यंत फोन फुटेल एवढाच विचार करत होतो.

उलटापालटा
सगळे एवढे घाबरवताय तर दुसरी बाजूही येऊ द्या. छातीचा पट्टा आणि त्यावर ॲक्शन कॅमेरा, सोबत एक जादा दोरी, हे नीट बांधलं तर हलत नाही. मांडीवरचा बार असलेल्या गाडीत छाती मोकळी असते, हात मोकळे असतात आणि व्हिडिओ अप्रतिम येतो. २०१९ साली स्पेनच्या पोर्टअव्हेंचुरा पार्कात शंभाला कोस्टरवर एकाने पुढच्याचा उडालेला फोन हवेत झेलला होता, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. सुटलेली प्रत्येक वस्तू काही जीव घेत नाही.

कडेलोट
उलटापालटा, तो झेल जगभर गाजला कारण तसं एरवी होत नाही हो.

फलाटावरून
मी काही वर्षं एका पार्कमध्ये कोस्टरच्या फलाटावर काम केलंय (पार्कचं नाव नको), म्हणून आमच्या बाजूने लिहितो. थोडं लांबेल.

सगळ्यात आधी छातीचा पट्टा. नियम पार्कागणिक वेगळे आहेत आणि एकाच पार्कात राइडगणिकही वेगळे असतात, त्यामुळे व्हिडिओत कुणी दिसतंय म्हणजे चालतं असं धरू नका. त्यातले कित्येक व्हिडिओ पार्कने स्वतः किंवा परवानगी देऊन, बंद वेळेत, कॅमेरा गाडीलाच बोल्टने बसवून काढलेले असतात. सकाळी गेल्यावर पहिल्या राइडच्या तोंडाशी असलेल्या माणसाला विचारा, पट्टा दाखवा, तो "हो" म्हणाला तर हो. "नाही" म्हणाला तर वाद घालू नका, ते त्याच्या हातात नसतं.

लोक कॅमेरा लपवतात कसा, ते आम्हाला पाठ झालेलं असतं. बाहीत सरकवतात, मांडीखाली ठेवतात, टोपीत ठेवून टोपी मांडीवर उलटी धरतात. बार तपासायला आम्ही प्रत्येकाचा बार खाली दाबून वर ओढून बघतो, तेव्हा ज्याचा एक हात उगाच मिटलेला असतो त्याच्या हातात काहीतरी आहे हे लगेच कळतं. तिथे कळलं तर बरं, वस्तू काढून ठेवतो आणि गाडी सुटते. चढणीवर गेल्यावर पडद्यावर कॅमेरा दिसला तर चढण थांबवावी लागते. तुम्ही वर टांगलेले, मागच्या गाड्या ब्रेकवर अडकलेल्या, रांगेतले शिट्ट्या मारतायत, आणि आम्ही भोंग्यावरून "तिसऱ्या ओळीतल्या निळ्या शर्टवाल्यांनी वस्तू आत ठेवावी" असं सांगतोय. एकाच्या पाच सेकंदांच्या व्हिडिओपायी शेकडो लोकांचा वेळ जातो.

सेल्फी स्टिकची तर गोष्टच वेगळी. राइड बांधताना माणसाचा हात जास्तीत जास्त कुठवर पोचेल हे मोजून तेवढी जागा सगळीकडे मोकळी ठेवलेली असते, खांब आणि कमानी त्याच्या बाहेर असतात. काठी लावली की तुम्ही त्या जागेच्या बाहेर गेलात, ती खांबाला लागली तर काठी, कॅमेरा आणि मनगट तिन्ही जातं. डिस्नेने २०१५ मध्ये त्यांच्या पार्कांत सेल्फी स्टिकला पूर्ण बंदी घातली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. वस्तू पडली तर कुंपण ओलांडून आणायला जाऊ नका, कधीही, कितीही महाग असली तरी. तिथे गवत शांत दिसतं, राइड बंद असल्यासारखी वाटते, आणि लोंबकळत्या पायांची गाडी माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून येते, तिचा आवाज येईपर्यंत ती पोचलेली असते. अमेरिकेत ओहायोतल्या सीडर पॉइंट पार्कात २०१५ मध्ये रॅप्टर कोस्टरखाली एक माणूस पडलेली वस्तू आणायला शिरला आणि गेला. २०२४ मध्ये त्याच राज्यात किंग्ज आयलंड पार्कात बॅन्शी कोस्टरखाली एक जण किल्ल्यांसाठी शिरला, तोही गेला. किल्ल्यांसाठी. आम्हाला सांगा, नोंद करा. बहुतेक वेळा रात्री राइड बंद झाल्यावर शोधून देतात, मधेच राइड बंद करून नाही.

सावरी
फलाटावरून, वाचून अंगावर काटा आला. मुलीला हा शेवटचा परिच्छेद आत्ताच वाचून दाखवला.

निळी_छत्री
याच्याशीच संबंधित, ओरलँडोच्या युनिव्हर्सलला पूर्वी समोरासमोर धावणाऱ्या दोन ड्रॅगनांच्या गाड्या होत्या, अगदी जवळून एकमेकींना चुकवून जायच्या, मजाच त्याची होती. २०११ मध्ये लागोपाठ दोन प्रसंगांत प्रवाशांना उडालेल्या सुट्या वस्तू लागून इजा झाली, एकाच्या डोळ्याला. त्यानंतर दोन्ही गाड्या एकाच वेळी सोडणं कायमचं बंद केलं. म्हणजे कुणाच्या तरी खिशातल्या वस्तूपायी एका राइडचा जीवच काढून घ्यावा लागला. आज तिथे मोठ्या कोस्टरना मेटल डिटेक्टरमधून जावं लागतं. २०२१ ला सुरू झालेल्या व्हेलॉसिकोस्टरला लॉकर रांगेच्या अगदी शेवटी आहेत, आणि दोन बाजूंनी उघडणारे, जाताना या बाजूने ठेवायचं आणि येताना त्या बाजूने काढायचं. सावरी, तुमची लॉकरची दगदग अशा ठिकाणी फारशी होत नाही. रांगेत फोनही जवळ राहतो, पोरांना रमवायला.

पाचवा_गिअर
पण हे सगळीकडे नाही. सीडर पॉइंटला २०१९ मध्ये स्टील व्हेन्जन्स कोस्टरच्या रांगेतच फोन नेऊ देणं बंद केलं होतं, लांबलचक रांग आणि हातात फोन नाही. आणि जपानच्या फुजी-क्यू पार्कमध्ये एजानाइका कोस्टरवर तर बूटसुद्धा काढून बसायचं! कॅमेऱ्याची बातच सोडा.

बारक्या
बूट काढून?? मग मोज्यांचा वास हीच खरी थरारक राइड.

भिंगरी
बारक्या :))

जलपरी
आले आले, पाण्यासाठी आले.

दोन प्रकार वेगळे धरा. एक म्हणजे ओंडक्याची राइड, शेवटी एक मोठी घसरण आणि एक मोठा सपकारा, बाकी वेळ बऱ्यापैकी कोरडं. दुसरी म्हणजे गोल तराफा, जो फिरत फिरत खळाळातून जातो. त्यात कोण भिजणार हे कुणालाच माहीत नसतं आणि काठावरून लोक पाण्याच्या बंदुकाही मारतात. पहिल्यात कॅमेरा रोल होणाऱ्या कोरड्या पिशवीत टाकून मांडीखाली दाबता येतो, दुसऱ्यात मी मोठा कॅमेरा नेतच नाही.

कोरडी पिशवी घ्याल तर तोंड नुसतं मिटू नका. आतली हवा काढायची, कड नीट जुळवून घट्ट किमान तीन वेढे द्यायचे आणि मग क्लिप. एक वेढा देऊन क्लिप लावलेली पिशवी पाण्याला "या, बसा" म्हणते.

फोनच्या खोक्यावर आयपी६७ लिहिलेलं असतं त्याने हुरळून जाऊ नका. त्याचा अर्थ एक मीटर खोल स्थिर, गोड्या पाण्यात तीस मिनिटं. जोराच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते, आणि बुडवण्याच्या चाचणीत पास म्हणजे फवाऱ्यातही पास असं नाही. पार्कच्या पाण्यात क्लोरीन असतं. आणि हे सगळं नव्या कोऱ्या फोनला लागू, दोनदा पडलेल्या, काच बदललेल्या फोनला नाही. गोप्रो हिरो५ पासून पुढचे बिनखोक्याचे १० मीटरपर्यंत चालतात, पण बाजूचं दार खटकन बंद झालं पाहिजे. त्या दाराच्या रबरावर एक केस किंवा वाळूचा कण बसला तरी पाणी आत शिरतं. मी बंद करण्याआधी दरवेळी कोरड्या रुमालाच्या टोकाने ते रबर पुसते, बोट फिरवून बघते, मगच दाबते. राइडनंतर साध्या पाण्याने धुवायचं, पुसायचं, आणि दार लगेच उघडायचं नाही, कडेला साचलेला थेंब आत जातो.

आणि भिजलाच तर तांदळात ठेवू नका हो कुणी. तांदळाचा भुगा भोकांत जातो, पाणी मात्र तिथेच. बंद करा, बॅटरी आणि कार्ड काढा, दारं उघडी ठेवून पंख्यासमोर ठेवा.

बारक्या
एक शंका. नवीन कोस्टरना चुंबकाचे ब्रेक असतात आणि काही तर चुंबकानेच सुटतात म्हणे. मग मेमरी कार्ड पुसलं जाईल का? मित्र शपथेवर सांगतोय की जातं.

गुरुत्वमध्य
नाही. मेमरी कार्डात माहिती चुंबकाने लिहिलेली नसतेच, ती विजेच्या भाराच्या रूपात साठवलेली असते. जुन्या टेपवाल्या कॅमकॉर्डरची भीती मागे राहिलीये. शिवाय ते चुंबक रुळाशी असतात, तुमच्यापासून लांब.

धक्के आणि थरथर याची काळजी मात्र रास्त आहे. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी जी यंत्रणा असते, तिच्यात लेन्स किंवा सेन्सर तरंगता ठेवलेला असतो. ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं होतं की मोठ्या मोटारसायकलींच्या इंजिनाच्या जोरदार थरथरीत फोन सतत राहिला तर कॅमेऱ्याची ही यंत्रणा बिघडू शकते. ते कोस्टरबद्दल नव्हतं आणि एखाद्या फेरीने काही होत नाही. पण लांबडी लेन्स जोडलेला कॅमेरा लाकडी कोस्टरवर नेऊन खडखडवण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही, जोराचा सगळा भार लेन्स जिथे बसते त्या कड्यावर येतो.

हेमांगिनी
जाता जाता, आयफोन १४ वाल्यांनो, २०२२ मध्ये तो आला तेव्हा त्यातल्या अपघात ओळखायच्या सोयीने कोस्टरला गाडीचा अपघात समजून आपणहून आपत्कालीन फोन लावले होते! किंग्ज आयलंडजवळच्या केंद्राला असे खोटे फोन आले होते. फोन खिशात, मालक वर किंचाळतोय, आणि पलीकडच्या माणसाला ऐकू येतंय फक्त किंकाळ्या आणि खडखडाट. पुढे ॲपलने त्यात सुधारणा केल्या. तरी राइडवर फोन नेणार असाल तर सेटिंगमध्ये ते तेवढ्यापुरतं बंद करा, आणि उतरल्यावर आठवणीने परत चालू करा.

बारक्या
आणि पलीकडून विचारलं की "नक्की काय झालं?" तर उत्तर काय, "आईऽऽऽ"?

चष्मेवाली
कॅमेऱ्याचा धागा आहे पण चष्म्याचं कुणीच बोलत नाहीये! मी चष्म्याशिवाय आंधळी, आणि फुजी-क्यूसारख्या ठिकाणी काढा म्हणतात. मागून आवळायची लवचिक पट्टी मिळते ती बऱ्याच ठिकाणी चालते, पण आधी विचारावं लागतं. अबू धाबीच्या फॉर्म्युला रोसा कोस्टरला तर ताशी २४० किलोमीटर वेगामुळे बसणाऱ्यांना तिथलेच गॉगल देतात, वाऱ्याबरोबर येणारी धूळ आणि किडे डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून. त्या वेगाला कॅमेरा काढून धरणारा माणूस मला तरी बघायचा नाही.

भिंगरी
चष्मेवाली, वेगळा धागा काढा, मी येते.

अंधारातल्या राइडबद्दल दोन शब्द, कारण कॅमेरा तिथेच न्यायला मिळतो आणि तिथेच लोक सगळ्यांचा रसभंग करतात. फ्लॅश बंद, हे सगळ्यांना माहीत असतं. पण फोकस करताना कॅमेऱ्याच्या पुढे जो लाल किंवा हिरवा दिवा लागतो तो बंद करायचं कुणी लक्षात ठेवत नाही, आणि अख्ख्या गुहेत तो टिमटिमत राहतो. मागचा पडदाही पूर्ण मंद करा. मेनूत घरीच शोधून ठेवा, तिथे अंधारात सापडत नाही.

दुसरं दव. आतली हवा गार, बाहेर दमट उकाडा, बाहेर पडलं की लेन्सवर धुकं. पुसलं की परत येतं. आत असतानाच कॅमेरा झिपलॉक पिशवीत बंद करून बाहेर यायचं आणि वीसेक मिनिटं पिशवी उघडायची नाही, म्हणजे जे काही दव धरायचं ते पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरतं. लेन्स तर त्या वेळात अजिबात बदलू नका.

कडेलोट
म्हणालो होतो सविस्तर लिहितो, तर घ्या.

सावरी, तुम्हाला मुलीचा चेहरा हवाय. कोस्टरवर तुम्ही तिच्या शेजारी बसून तो फोटो घेऊच शकत नाही. तुमचा स्वतःचा जीव मुठीत असताना हात स्थिर ठेवणार, फोकस करणार आणि तेही तिच्याकडे वळून? आणि वळायचंच नाही खरं तर, मान सरळ आणि डोकं मागे टेकवून बसायचं असतं, झटका बसतो तेव्हा वाकडी मान दुखावते. तो चेहरा पार्कचा स्वतःचा कॅमेरा टिपतो, रुळाशेजारी पक्का बसवलेला, बहुतेक पहिल्या मोठ्या उतारावर, फ्लॅशसकट. तो फोटो घ्या. मला त्यात कमीपणा वाटत नाही, तिथे दुसरं कुणी उभं राहूच शकत नाही.

आणि तुमचा मोठा कॅमेरा जमिनीवर राहू द्या, चालू ठेवा मात्र. खालून घेतलेले कोस्टरचे फोटो राइडवरच्या डळमळत्या व्हिडिओपेक्षा शंभर पटीने चांगले येतात. तुम्ही फेरी मारून या, मग नवरा मुलीला घेऊन दुसऱ्यांदा जाईल तेव्हा तुम्ही खाली कॅमेरा घेऊन. बऱ्याच पार्कांत लहान मूल असलेल्या घरांसाठी पाळीपाळीने बसायची सोय असते, एक जण मुलाजवळ थांबतो आणि नंतर पुन्हा पूर्ण रांग न लावता बसतो. तुमचा पाच वर्षांचा मुलगा आहे, ती सोय विचाराच.

फलाटावरून
कडेलोट यांना पूर्ण अनुमोदन. चांगले फोटो काढणारी मंडळी मी खालीच उभी असलेली पाहिली आहेत.

जागा अशी निवडा. आधी एक-दोन गाड्या नुसत्या बघा. जिथे गाडी टेकाडाच्या माथ्यावर येते तिथे तिचा वेग त्यातल्या त्यात कमी असतो आणि चेहरे तुमच्याकडे असतात. कुंपणाला लेन्स चिकटवू नका, थोडं मागे उभं राहून जाळीच्या भोकातून घ्या, आणि डोक्यावरून रूळ जाणाऱ्या जागी उभे राहू नका. त्यांना सांगून ठेवा कुठल्या ओळीत बसायचं, म्हणजे शोधत बसायला नको. पुढची ओळ मिळाली तर सोन्याहून पिवळं, समोर कुणाचं डोकं नाही.

उलटापालटा
ठीक आहे, हे मान्य. खालून घेतलेल्यात जी मजा आहे ती छातीच्या कॅमेऱ्यात नाही. पण ज्या पार्कात परवानगी आहे तिथे मी बांधणारच, विचारून.

फलाटावरून
विचारून असेल तर आमची ना नाही. फक्त जादा दोरी कॅमेऱ्यापासून पट्ट्यापर्यंत अगदी आखूड ठेवा. लांब दोरीने बांधलेला कॅमेरा सुटला तर दोरीच्या टोकाला गरगर फिरतो आणि शेजाऱ्याचे दात काढतो.

निळी_छत्री
सेटिंग कुणी सांगितलंच नाही, मी सांगते. गाडी गोठवून हवी असेल तर शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद, फोकस सतत चालू राहणारा, आणि बर्स्ट, म्हणजे बटण दाबून ठेवलं की लागोपाठ फोटो. वेग दाखवायचा असेल तर १/६० ते १/१२५ आणि गाडीबरोबर कमरेतून वळत जायचं, चेहरे स्पष्ट आणि मागची झाडं रेघोट्यांसारखी. पहिल्या गाडीत जमणार नाही, पण गाड्या दर काही मिनिटांनी येतच असतात, अनोळखी लोकांवर सराव करा आणि मुलीची गाडी येईपर्यंत हात बसू द्या.

सावरी
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं. गोप्रो फक्त पाण्याच्या राइडवर आणि तिथे विचारून. मोठा कॅमेरा कोस्टरला खाली, आणि मुलगी वडिलांबरोबर दुसरी फेरी मारेल तेव्हा मी कुंपणापासून मागे उभी. आम्ही दोघं एकदम वर असू तेव्हा पिशवी सासूबाईंकडे. आत्ताच सांगितलं त्यांना, तर म्हणाल्या पिशवी कशाला, कॅमेराच दे, बटण कुठलं ते दाखव. आता त्यांना बर्स्ट शिकवायचंय.

भिंगरी
सासूबाईंना दंडवत! त्यांच्यासाठी ऑटोवर न ठेवता शटर आधीच १/१००० ला लावून द्या, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो ठेवा. आणि पट्टा त्यांच्या गळ्यातच राहू दे, खाली उभं असताना गळ्यातला पट्टा हीच योग्य जागा.

हेमांगिनी
सकाळी निघायच्या आधी एका कागदावर आपला संपर्क मोठ्या अक्षरात लिहून त्याचा फोटो काढा आणि तो कार्डातला पहिला फोटो ठेवा. कॅमेरा कुठे राहिलाच तर हरवलं-सापडलं खिडकीवरचा माणूस आधी तेच बघतो. कॅमेऱ्याच्या तळाचा अनुक्रमांकही फोनमध्ये टिपून ठेवा, तिथे एकसारखे काळे कॅमेरे ढिगाने येतात आणि आपलाच हे सिद्ध करावं लागतं. आणि दुपारी जेवताना कार्ड बदला, म्हणजे काही झालं तरी सकाळचे फोटो पिशवीत सुखरूप.

चष्मेवाली
लॉकरचा नंबर फोनमध्ये टिपून तोच फोन लॉकरमध्ये ठेवणारे खूप असतात. मुलीच्या हातावर पेनाने लिहा. पाण्याच्या राइडला लिहिणार असाल तर न पुसणाऱ्या शाईने.